थोरलं घर, धाकटं घर

ओलांदिनाला तिचा देश दोनदा शिकावा लागला. पहिल्यांदा शिकली तेव्हा वर्गातल्या नकाशात तिचं गाव इंडोनेशियाच्या एका प्रांतात होतं आणि राजधानी समुद्रापार जकार्ताला. देशातलं सर्वांत उंच शिखर कुठलं, असं मास्तरांनी विचारलं, की समोर खिडकीत रामेलाऊ ढळढळीत दिसत असताना पोरांनी कधी न पाहिलेल्या पापुआतल्या शिखराचं नाव घ्यायचं. ओलांदिनाने एकदा रामेलाऊ म्हटलं आणि छडी खाल्ली. पुढे तो नकाशा भिंतीवरून उतरला, पूर्व तिमोर स्वतंत्र झाला, आणि ओलांदिना बाईसाहेब पुन्हा पहिल्यापासून भूगोल शिकायला बसल्या. आता रामेलाऊच पहिला! काय आनंद झाला होता तिला म्हणून सांगू!

म्हणूनच पाहुण्यांना डोंगर दाखवायचं काम मिळालं तेव्हापासून तिच्या तोंडाला खीळ म्हणून नव्हती. "बेट एक, पण अर्धंच आमचं, पूर्वेकडचं. शिवाय ओएकुसे नावाचा एक तुकडा पलीकडे इंडोनेशियाच्या हद्दीत अडकून पडलाय, तोही आमचाच हं! माणसं तेरा लाखांच्या आसपास, त्यातली निम्मी विशीच्या आतबाहेर. सरकारी भाषा दोन, तेतुम आणि पोर्तुगीज. घरात बोलायची मात्र दरीगणिक वेगळी. आमची माम्बाई."

जीपचा ड्रायव्हर जुल्मिरो तिला माना म्हणायचा, म्हणजे ताई. "माना, दम घे जरा," तो म्हणायचा. "चढ गाडी चढतेय, तू नाही."

पण गावात कुळाच्या पवित्र घरापाशी आलं, की हिची बोलती बंद. उंच खांब, त्यावर गवताचं निमुळतं छप्पर, दारावर म्हशींची शिंगं. पाहुणे विचारायचे, हे कुणी बांधलं? ही आपली पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभी. कारण त्या घराची कथा सांगायचा हक्क कुळात एकालाच असतो, आणि तो होता तिच्या काकांना, आगापितोंना. हक्क नसलेल्याने ती उच्चारली तर पूर्वज कोपतात. ओलांदिनाही हे मनापासून मानायची.

आणि तिऊ आगापितो तोंड उघडायला तयार नव्हते. तिऊ म्हणजे काका. कधीही विचारा, एकच उत्तर: "वारस येतोय." वारस म्हणजे त्यांचा मुलगा केरुबिनो. तो विलायतेत कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला गेला, तिथेच त्याने लग्न केलं, तिथेच मुलं झाली. परवा फोनवर त्याने स्पष्टच सांगितलं, "बाबा, मी आता परत येत नाही." तिऊंनी फोन ओलांदिनाच्या हातात दिला. "काही ऐकू आलं नाही," म्हणाले.

त्यांची छाती हल्ली लोहाराच्या भात्यासारखी वाजायची. तो आवाज आला की ओलांदिना कुळाच्या घराकडे बघायची. स्वातंत्र्याच्या सार्वमताच्या वर्षी इंडोनेशियाच्या बाजूच्या टोळ्यांनी हे घर जाळलं होतं. खांब पुन्हा उभे करता आले, लाकूड जंगलात होतं. कथा कुठल्या जंगलातून तोडून आणणार?

"तिऊ, मला शिकवा ना."

"तू मुलीची जात. दुसऱ्या घरी गेलेली."

"कुठे गेले? माझा नवराच इथे राहायला आलाय. तुमची कॉफी रोज तोच वाळत घालतो!"

"वारस येतोय," तिऊ म्हणाले आणि त्यांनी तोंडात सुपारी टाकली.

मग एका सकाळी लिस्बनहून एक जोडपं आलं. तिऊ घराच्या पायरीवर विडा चघळत बसले होते. त्यातल्या बाईने वर छपराकडे बघत विचारलं, "हे कुणाचं घर? कधीचं?" ओलांदिनाने तिऊंकडे पाहिलं. तिऊंनी तोंड फिरवलं.

तिच्या डोक्यात सणक गेली. खरं बोलायची बंदी होती ना? खोटं बोलायची कुणी घातली होती?

"हे होय?" ती पोर्तुगीजमध्ये खणखणीत आवाजात म्हणाली. तिऊ पोर्तुगिजांच्या राज्यात मिशनच्या शाळेत मार खाऊन ती भाषा शिकले होते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "हे धाकटं घर. थोरलं त्या पलीकडच्या डोंगरावर. आमचे पूर्वज उपाशी भटकत होते, त्यांना दया आली, हा कोपरा दिला राहायला."

तिऊंचं चघळणं थांबलं.

"आमचा मूळपुरुष त्यांच्या म्हशी राखायचा. गडी होता. जरा आळशीच म्हणतात."

"माना, मेलीस तू," जुल्मिरो पुटपुटला.

"गडी?" ज्यांना उठायला रोज दोन माणसं लागायची ते तिऊ काठी फेकून उभे राहिले. "गडी कोण गं? अगं, त्यांनी विस्तव आमच्या चुलीतून नेला! कच्चं खायचे मेले! थोरले म्हणे!"

खोकल्याची उबळ आली. ओलांदिना पाणी घेऊन धावली. ते पाणी प्यायले, खाली बसले, आणि डोळे मिटून माम्बाईत बोलू लागले. सगळीकडे पाणीच पाणी होतं आणि त्यातून रामेलाऊचं टोक पहिल्यांदा वर आलं, तिथून सुरुवात. एकेक वाक्य बोलून ते थांबायचे, आणि ओलांदिना ते पोर्तुगीजमध्ये सांगायची. कुळाची कथा आता तिच्याही तोंडून निघत होती. एका जागी त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे रोखून पाहिलं, पण ते थांबले नाहीत.

पाहुणे गेल्यावर ती खाली मान घालून उभी राहिली.

"खोटं कधीपासून बोलायला लागलीस?"

"आजच."

"जमत नाही तुला. म्हशी राखायचा म्हणे! तेव्हा या डोंगरात म्हशी होत्या कुठे?" तिऊंनी शेजारची पायरी हाताने झटकली. "उद्या सकाळी ये. कोंबडा आण, पूर्वजांना विचारावं लागेल. मग पहिल्यापासून सांगतो."

"आणि तिऊ, वारस?"

म्हाताऱ्याने रस्त्याच्या वळणाकडे पाहिलं.

"आला की," तो म्हणाला. "रोज जीपमधून येत होता, अंगठ्याने माती उकरत इथेच उभा राहत होता. मीच ओळखलं नाही."

ओलांदिनाला रडू फुटलं.

"रडतेस काय," तिऊ खेकसले. "कोंबडा तांबडा आण. आणि बस इथे."