लाईट आली त्या वर्षीची

"झालं का, सर? का अजून हाय?"

तीन हजार मीटर पळून आल्यावर बाकीच्या मुली गवतावर आडव्या व्हायच्या. कुणी पोट धरून बसायची, कुणी पाण्याच्या बाटलीवर तुटून पडायची. ही मात्र दोन्ही हात पाठीमागे बांधून, ऑफिसबाहेर दाखल्यासाठी उभं राहावं तशी उभी राहायची आणि हा प्रश्न विचारायची. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला कौतुक वाटलं नाही. मनात आलं, हिनं एक फेरी गाळली असणार.

मी कार्ल्याजवळच्या एका शाळेत खेळ शिकवतो. रोज बेगडेवाडीहून सकाळच्या लोकलने येतो. खेळाच्या मास्तरला एक रोग जडतो, तो तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. मूल हरलं तर त्याला तो मुलाचा आळस वाटतो आणि जिंकलं तर लबाडी. माझा रोग जरा जास्तच पिकलेला होता. दुसऱ्या दिवशी मी तिला पुन्हा पळवलं आणि प्रत्येक फेरीला खिशातला एक खडा बाहेर टाकला. खडे बरोबर भरले. वेळ आदल्या दिवसापेक्षा तीन सेकंदांनी कमीच लागला.

ती आठवीत होती. डोंगरावरच्या ठाकरांच्या वाडीतून रोज उतरून यायची. वाट उभी, दगडाची, सात किलोमीटरची. शाळेच्या घंटेआधी ती अर्धा तास मैदानावर हजर असायची. मला ते पटेना. कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून येत असणार आणि मला सांगताना 'पळत आले' म्हणत असणार. म्हणून एका सकाळी मी लवकरची लोकल धरली आणि वाट रस्त्याला मिळते तिथल्या बंद चिक्कीच्या टपरीमागे लपून बसलो. चाळिशीला आलेला माणूस, गळ्यात शिट्टी, टपरीमागे उकिडवा.

ती आली. पळतच आली. दप्तर पाठीला ओढणीनं करकचून बांधलेलं. टपरीपाशी थांबली, वाकून बघितलं.

"सर, तुमी हितं? पोट बिगडलंय का?"

"नाही... शिट्टी पडली होती."

"गळ्यात हाय की."

एवढं बोलून ती पुढे पळाली. मैदानावर पोचल्यावर तिनं ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. सांगितली असती तर मला बरं वाटलं असतं. न सांगणाऱ्या माणसाचा मला जास्त संशय येतो.

बुटांचंही तेच. शाळेला कुणीतरी बूट दिले होते, त्यातला एक जोड मी तिला दिला. दुसऱ्या दिवशी ती अनवाणी उतरली. विकले असतील, नाहीतर मोठ्या बहिणीला दिले असतील, असा मी तर्क केला. विचारलं तर तिनं दप्तरातून वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट काढले.

"चढा-उताराला सरकत्यात, सर. ह्ये सपाटीचं हाय. सपाटीला घालते."

ती असं प्रत्येक गोष्टीचं करायची. मिळेल त्यातून कामाचं तेवढं उचलायची, बाकीचं मुकाट सोडून द्यायची. शनिवार-रविवारी आमच्या मैदानावर पर्यटकांच्या गाड्या लागायच्या. बाकीची मुलं सुट्टी मिळाली म्हणून खूश व्हायची. ही भातखाचरांच्या बांधांवरून पळायची. वीतभर रुंदीचा बांध, दोन्हीकडे चिखल. मी ओरडलो, "पाय मोडशील!" तर म्हणाली, "बांदावर पळलं की पाय सरळ पडतोय. मंग तुमच्या त्या चुन्याच्या रेघंभाईर जात न्हाई." आणि खरंच, पुढे कधी तिचा पाय रेघेबाहेर गेला नाही.

नववीत तिचा घोटा मुरगळला. आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात दिवसदिवस उभी राहून भात लावत होती, तिथंच. मला वाटलं, झालं, संपली ही. ती तीन आठवडे आली आणि नुसती चालली. मैदानाला फेऱ्या घालत, इतरांचं पळणं बघत. चौथ्या आठवड्यात पळायला लागली ती वेगळ्याच चालीनं. पूर्वी सुरुवातीलाच सुसाट सुटायची. आता पहिल्या दोन फेऱ्या मागे राहायची, आणि शेवटच्या दोनांत एकेकीला गाठायची.

"हे कुणी शिकवलं?"

"पायानं. त्यो म्हनला, आधी मला गरम हू दे."

मी हसलो. मग घरी जाताना गाडीत विचार करत बसलो, ही माझ्यामागे दुसऱ्या कुणा मास्तरकडे तर जात नसेल?

त्याच वर्षी माझ्यावर जी वेळ आली ती सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेत आमच्या शाळेचा एक मुलगा वय जास्त असल्याचं सापडून बाद झाला. दाखल्यावर एक वय, दवाखान्याच्या नोंदीत दुसरं. मला खरंच ठाऊक नव्हतं. पण भर मैदानात, लाऊडस्पीकरजवळ उभ्या असलेल्या एका पंचानं मला हाक मारली, "ओ वयचोर मास्तर, उचला तुमचं पोरगं." स्पीकर चालू होता. सगळा तालुका हसला. आमच्या मुख्याध्यापिका बाई मला एवढंच म्हणाल्या, "सर, यापुढे कागद तुम्ही स्वतः तपासा." त्यानंतर मी माणसं सोडली आणि कागद तपासायला लागलो.

आता आमच्याकडे वयाचं काय असतं ते तुम्हाला माहीत असेलच. जुन्या गुरुजींनी पोराचं नाव शाळेत घालताना जन्मतारीख विचारली की आई आभाळाकडे बघायची आणि गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. वर्ष असं लिहायचे की पोर बरोबर पहिलीत बसावं. माझे वडीलही असेच गुरुजी होते. माझीसुद्धा जन्मतारीख एक जून आहे, आणि खरी कोणती ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. आमच्या स्टाफरूममध्ये आम्ही चौघं एकाच दिवशी जन्मलेलो आहोत. एकच केक पुरतो.

तिच्या दाखल्यावरही एक जून होतं.

ती दहावीत गेली. त्या वर्षी सतरा वर्षांखालच्या गटात जी मुलगी वरपर्यंत जिंकत जाईल, तिला सरकारी निवासी क्रीडा केंद्रात जागा मिळणार होती. राहणं, खाणं, शिक्षण, चांगला प्रशिक्षक. सतरानंतर तिथे घेत नसत, म्हणजे तिला हीच एक संधी. आमच्या तालुक्यात तिच्या जवळपास फिरकेल अशी मुलगी नव्हती, हे स्टॉपवॉच रोज सांगत होतं. फॉर्मवर वयाची खात्री केल्याची सही मला करायची होती.

आणि मला तिचा चेहरा मोठा दिसायला लागला. हाताची हाडं मोठी, आवाज मोठा, समज तर फारच मोठी. सोळा वर्षांच्या मुलीला इतकी समज असते का? उशिरा शाळेत आली असेल, नवव्या वर्षी, आणि गुरुजींनी सहा लिहिले असतील. जन्म घरचा, ग्रामपंचायतीत नोंद नाही, आधार कार्ड शाळेच्या दाखल्यावरूनच काढलेलं.

तिची आई बाजाराला खाली आली होती, तिला मी रस्त्यातच गाठलं.

"मावशी, पोरगी नेमकी कधीची?"

"आमच्या वाडीत लाईट आली न्हवं का, त्या वर्सीची. आवणी चालली व्हती."

"नक्की?"

"बया! मीच जल्म दिलाय तिला, सर."

संध्याकाळी मी डोंगराच्या पायथ्याशी गेलो. वाडीकडे जाणाऱ्या विजेच्या रांगेतला पहिला खांब तिथे आहे. त्यावर पिवळ्या रंगात नंबर आणि खाली साल रंगवलेलं होतं. मी तिथेच उभा राहून बोटांवर मोजलं. एकोणीस. पुन्हा मोजलं. एकोणीस.

वर वाडी दिसत होती. चार माणसांना विचारायला दोन तासांची चढण होती. पण माझी परतीची लोकल होती, आणि खरं सांगायचं तर मला हवं ते उत्तर मिळालं होतं. मी चढलो नाही. पुण्याला नेऊन हाडांच्या तपासणीतून वय ठरवून घेता आलं असतं, तेही केलं नाही. फॉर्म कपाटात ठेवला आणि मुदत जाऊ दिली.

तिला मात्र मी खोटं सांगितलं. "फॉर्म वेळेत पोचला नाही."

"किती उशीर झाला, सर?"

"एक दिवस."

"मला सांगायचं व्हतं की. म्या पळत नेला असता."

हे वाक्य मी कुणालाही आजवर सांगितलेलं नाही. आज लिहितोय.

स्पर्धेच्या दिवशी ती मैदानावर आली. मला वाटलं, रडायला आली, नाहीतर माझ्यावर लक्ष ठेवायला. ती आमच्या लहान मुलींच्या छातीवर नंबराच्या पिना लावत बसली. तिच्या शर्यतीत जी मुलगी पहिली आली, तिची वेळ मी घड्याळात बघितली आणि घड्याळ खिशात टाकलं. आमची पोरगी मैदानाची अर्धी फेरी पुढे असती. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. "औंदा न्हाई तर न्हाई, सर. बगू की काय तरी." मला त्यात टोमणा ऐकू आला. सबंध वर्षभर ऐकू येत राहिला.

दहावीनंतर ती लोणावळ्याला कॉलेजात जायला लागली. सुट्टीच्या दिवशी एका पॉइंटवर कणसं भाजायची. एकदा एसटीतून मला दिसली. निखाऱ्यावर वारा घालत होती. तिनं हात केला. मी डोकं आत घेतलं.

यंदा, सात वर्षांनी, शाळेत न येणाऱ्या मुलांची पाहणी निघाली आणि मला नेमकी ती वाडी आली. मी पहिल्यांदा ती वाट चढलो. पाच ठिकाणी बसलो. ही पोरगी इथून रोज पळत उतरायची, आणि संध्याकाळी हीच वाट चढायची, ह्याचा हिशेब मी कधी केलाच नव्हता.

वर पोचल्यावर एका आबांनी पाणी दिलं. एका खांबाला रेडा बांधलेला होता. मी उगाच म्हणालो, "आबा, विजेच्या खांबाला जनावर बांधू नये."

"सवय हाय त्याच्या आज्यापास्नं, मास्तर. खांब रवून गेलं आन तारंचा पत्त्या न्हाई. तीन वर्सं! आमी म्हशी बांदल्या, धुनी वाळत घातली. एकानं तर लग्नाचा मांडव दिला खांबाच्या आधारानं. मंग कवा तरी आली लाईट."

"तीन वर्षं?"

"तीन. तिसऱ्या सालच्या आवणीत. एक बाय बाळात झाल्याली, तिच्या घरात पैला दिवा लावला वायरमननं."

एकोणिसातून तीन वजा करायला मला बोटं लागली नाहीत.

त्या घरात मी गेलो. तिच्या आईनं ओळखलं, घोंगडी टाकली. मी बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. खांब, साल, कपाटात ठेवलेला फॉर्म, खोटं बोललो ते. ती भाजी निवडत होती, तिचा हात थांबला नाही.

"ठावं हाय आमाला."

"काय ठाऊक आहे?"

"फारम तुमच्या कपाटात व्हता. खडू आनायला धाडलं व्हतं तुमी तिला, तवा दिसला. सही न्हाई. लय रडली घरी येऊन. म्या म्हनलं, चल, जाऊन भांडूया. तर म्हनली, नगं आये. सर भ्याल्यात. गेल्या साली लय हसली मानसं त्यास्नी."

सात वर्षं मी तिच्या प्रत्येक नजरेत संशय शोधला होता.

"कुठे असते आता?"

"गडचिरोलीकडं. जंगलखात्यात गार्ड झाली. भरतीला चालायची परीक्षा व्हती, पळायची बी. सगळ्यांत फुडं." आईनं फोन उचलला. "लावून देते. तुमीच बोला."

"नको, मावशी..."

रिंग जात होती. फोन माझ्या हातात आला. पलीकडे वाळलेल्या पानांवर पावलं वाजत होती, भरभर, एका तालात. मग आवाज आला.

"आये, बोल."

चढण चढून मला तास उलटून गेला होता; दम केव्हाच बसला होता. तरी छाती भात्यासारखी वरखाली होत होती. पलीकडची पावलं थांबली. तिनं थोडा वेळ ऐकलं.

"आये, कोन हाय गं तितं? कुनाला तरी लय दम लागलाय. बसव त्यास्नी आदी. पानी दे."