काळी पाचमधली आठ गाणी

आमच्या गायन पार्टीत मी पंचवीस वर्षं पेटी वाजवत होतो, आणि सगळी वर्षं एकाच आवाजामागे. तो आवाज भाऊंचा. भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे, सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. मी पोस्टात. ढोलकीवाला टेलर होता आणि कोरसला दोघं सख्खे भाऊ, शेतीवाडी बघून येणारे. जानेफळच्या बुद्धविहारात आमची तालीम चालायची. जयंती असो, लग्न असो की कुणाच्या नव्या घराचा कार्यक्रम, डोणगावपासून सुलतानपूरपर्यंत लोक आम्हाला बोलवायचे ते भाऊंच्या भीमगीतांसाठी. त्यांनी वरचा सूर लावला की मागच्या रांगेतली माणसं उठून उभी राहायची.

मग त्यांचा घसा बसायला लागला. आधी वाटलं, सर्दी आहे. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून घशात गाठी सांगितल्या, ऑपरेशन केलं, आणि गाणं बंद करायला लावलं. बोलायचं तेही हळू आणि थोडं. भाऊंनी ते पाळलं. विहारात यायचे, भिंतीला टेकून बसायचे, आमचं वाजवणं ऐकायचे. हळूहळू तेही थांबलं. गायक नाही म्हणून पार्टीही वर्षभर थांबली.

सुलतानपूरला एका नामकरणात आमच्या टेलरनं एका बाईला गाताना ऐकलं. ती नर्स होती, देऊळगाव राजाकडची, बदली होऊन आलेली. वय पस्तिशीच्या आसपास. टेलर मला म्हणाला की आवाज खालचा आहे, पण माणसं बोलायची थांबतात. मी ऐकायला गेलो. ती गाताना हात हलवत नव्हती, डोळेही मिटत नव्हती. समोर बसलेल्या बायांशी बोलावं तशी गात होती. दोन ओळींच्या मध्ये थांबायची, आणि त्या थांबण्यात कुणी खोकलंसुद्धा नाही.

तिला घेऊन आम्ही तालीम सुरू केली. भाऊंसाठी मी सगळं काळी तीनच्या पट्टीतून वाजवायचो. तिच्यासाठी सा काळी पाचवर न्यावा लागला. ऐकणाऱ्याला ही दोन पट्ट्यांची गोष्ट वाटेल. माझ्या बोटांना मात्र पंचवीस वर्षांची वाट सोडायची होती. पहिले पंधरा दिवस ती चुकीच्या पट्टीवर पडत होती. नर्स गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हणायची.

भाऊंचं गाजलेलं गाणं तिनं म्हणावं असा कोरसवाल्यांचा आग्रह होता. तिनं नकार दिला. "मला जमणार नाही असं नाही काका," ती मला म्हणाली. "पण मी म्हणलं तर लोक माझ्यात त्यांनाच शोधतील. मग मी कशाला उभी राहू?"

तिची स्वतःची गाणी होती. पाटी पुसून धाकट्या बहिणीला देणारी मुलगी, शेताच्या धुऱ्यावर बसून सही गिरवणारी म्हातारी, लस द्यायला तांड्यावर चालत जाणारी नर्स. बाबासाहेबांचं नाव त्यात कधी शेवटच्या ओळीत यायचं, एका गाण्यात आलंच नाही. चिखलीला एका स्टुडिओत चार दिवसांत आम्ही आठ गाणी रेकॉर्ड केली, अल्बम यूट्यूबवर टाकला आणि ऑटोवाल्यांना पेनड्राइव्हमध्ये भरून दिला. पार्टीचं नाव जुनंच ठेवलं.

या सगळ्यात मी भाऊंना काही सांगितलं नव्हतं. सांगू, सांगू करत राहिलो. आधी म्हटलं, तालीम बसू दे. मग म्हटलं, रेकॉर्डिंग होऊ दे. त्यांचं घर माझ्या घरापासून पाचव्या गल्लीत. तीन महिने मी त्या गल्लीनं गेलो नाही.

अल्बम आला आणि लोकांचे दोन तट पडले. डोणगावच्या एका जुन्या श्रोत्यानं फोन करून विचारलं, ही भीमगीतं आहेत की अंगाई? व्हॉट्सॲपवर कुणी लिहिलं की भाऊंबरोबर पार्टी संपली, आता नुसतं नाव उरलं. त्याच ग्रुपवर एका शिक्षिकेनं लिहिलं की म्हातारीच्या सहीचं गाणं आपण आईला रोज लावून देतो. माझ्या घरातही तेच. बायकोला अल्बम आवडला, मेहुण्यानं दोन गाण्यांनंतर मोबाइल खाली ठेवला. मला कुणी विचारलं तर मी म्हणायचो, हळूहळू सवय होईल. खरं म्हणजे माझं मत मलाच ठाऊक नव्हतं.

शेवटी भाऊंनीच निरोप पाठवला. मी गेलो तेव्हा ते ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी माझ्यापुढे अर्धा ढीग सरकवला. मीही सोलायला लागलो. मग ते त्या नव्या, घासलेल्या आवाजात म्हणाले, "मले सांगाले काय झालं होतं?"

"हिंमत नाही झाली भाऊ."

त्यांनी मान हलवली. अल्बम आपण चारदा ऐकला, असं त्यांनी सांगितलं. सहा गाणी आवडली नाहीत. लोकांना उठवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. नर्सचं आणि म्हातारीचं आवडलं. मग थोडं पाणी पिऊन म्हणाले, "तिचं काही चुकत नाही. चुकून राह्यला तू. ती थांबते तिथं काऊन पेटीनं भरून राह्यला बे? थांबू दे ना तिले."

मी घरी येऊन अल्बम पुन्हा लावला. जिथं जिथं ती थांबली होती, तिथं तिथं माझी बोटं धावत होती. भाऊंना श्वास घ्यायला जागा लागायची, ती मी भरून काढायचो, तीच सवय. तिला ती जागा मोकळीच हवी होती, आणि तिनं मला ते एकदाही म्हटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी तिला भाऊंकडे घेऊन गेलो. ती त्यांच्या पाया पडली आणि तिनं सरळ विचारलं की सहा गाणी का आवडली नाहीत. भाऊ जरा दचकले, मग खूश झाले. बोलण्यानं त्रास व्हायचा म्हणून ते पाठकोऱ्या कागदांवर लिहून देत होते. चालीबद्दल एक सूचना तिनं मान्य केली, बाकीच्या नाही केल्या.

जयंतीला डोणगावच्या मंडपात तिच्या दुसऱ्या गाण्यानंतर मागून भाऊंच्या जुन्या गाण्याची मागणी सुरू झाली. थांबेना. भाऊ समोर खुर्चीवर बसले होते. ते उठले, पायऱ्या चढून स्टेजवर आले आणि कोरसवाल्यांच्या शेजारी मांडी घालून बसले. एकाच्या हातातली झांज त्यांनी घेतली आणि तिला खुणेनं सांगितलं, चालू दे. तिनं म्हातारीचं गाणं धरलं. ती थांबली तिथं मी हात उचलून मांडीवर ठेवला. पेटी गप्प, ढोलकी गप्प, फक्त भाऊंची झांज, तीही अगदी हलकी.

काही माणसं तरीही उठून गेली. अल्बमला शिव्या देणारे आजही आहेत. पण भाऊ त्या दिवसापासून तालमीला यायला लागले. झांज वाजवतात आणि मधून मधून कागद सरकवतात. ती वाचते, कधी ऐकते, कधी कागद घडी करून पर्समध्ये टाकते. सध्या दुसऱ्या अल्बमची तयारी चालली आहे. पहिल्याच गाण्यावरून त्या दोघांचं जमत नाही, आणि या वेळी मला तिचं म्हणणं बरोबर वाटतं. मी ते भाऊंना त्याच दिवशी सांगून टाकलं.