लाल पेन डाव्या हातात

आमच्या ह्यांना पक्षाघात झाला, तेव्हा अलिबागचे डॉक्टर म्हणाले, "ह्यांना समजतं सगळं. जीभ आणि उजवा हात तेवढा रुसलाय. जीभ पुन्हा शिकवावी लागेल, आणि ती पहिल्या काही महिन्यांतच शिकते. त्यांना स्वतःला बोलावंसं वाटलं पाहिजे." परत येताना दिघीच्या फेरीबोटीत सगळे गप्पा मारत होते. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेला माझा नवरा तेवढा पाण्याकडे बघत बसला होता.

घरी मी रोज सकाळी व्यायाम घ्यायला बसायची. 'आ' म्हणा, 'ई' म्हणा, गाल फुगवा. हॉस्पिटलातल्या बाईंनी चित्रांची कार्डं दिली होती. केळं, चप्पल, कुत्रा. हे कार्डाकडे बघायचे आणि तोंड भिंतीकडे फिरवायचे. निवृत्त हेडमास्तरांना केळं दाखवून "हे काय?" विचारायचं, म्हणजे राग येणारच. पण मीही काही गरीब गाय नाही. "नका बोलू! मला काय, घरात शांतता!" असं म्हणून कार्डं आपटायची आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायची. असे दोन महिने गेले. पनवेलहून मुलगा यायचा, त्याचं एकच, "आई, बाबांना उगाच त्रास देऊ नकोस." अरे, त्रास कसला! मला भीती होती की हा माणूस असाच गप्प राहील आणि एक दिवस मला ह्यांचा आवाजही आठवेनासा होईल.

मग समोरच्यांनी पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या आणि फाटकावर फलक लावला. ठळक इंग्रजी अक्षरांत, 'फॅमिली रूम इज अव्हेलेबल्स'. त्या सकाळी ओटीवर खुर्चीत बसलेले हे एकाएकी हूं हूं करायला लागले. मला वाटलं बाथरूमला जायचंय. नेलं, आणलं, पुन्हा तेच. पाणी दिलं तर पेला ढकलला. शेवटी डावं बोट कुठे जातंय ते बघितलं, तर फलकावर! चेहरा भातात खडा लागल्यासारखा. बाई गं, हसू की रडू कळेना. स्वतःसाठी पाणी मागायला तोंड न उघडणारा माणूस दुसऱ्याच्या चुकीनं कासावीस झाला होता.

ही खोड मला नवी नव्हती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी शाळा तपासायला आलेले साहेब आमच्याकडे जेवायला होते. मी दहावीला इंग्रजीत नापास झालेली. तरी हौसेनं चार दिवस पाठ करून एक वाक्य बोलले, अजून थोडा भात घ्या अशा अर्थाचं. ह्यांनी ते सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. साहेब हसले, हेही हसले. मी भाताचं पातेलं घेऊन आत गेले, ती त्यानंतर छत्तीस वर्षं ह्या घरात इंग्रजीचं एक वाक्य बोलले नाही. नातीशीसुद्धा नाही. ह्यांच्या ते कधी लक्षात आलं असेल असं मला वाटत नव्हतं.

पण आता मान-अपमान गेला खड्ड्यात. बोर्लीच्या बाजारातून मी दोनशे पानी वही आणि लाल पेन आणलं. पहिल्या पानावर इंग्रजीत लिहिलं, 'येस्टरडे आय गो टू मार्केट अँड बॉट बांगडा.' त्यातला 'गो' मुद्दाम चुकवला होता. वही ह्यांच्या मांडीवर ठेवली, पेन डाव्या हातात दिलं आणि मटार सोलायला बसले.

अर्धा किलो मटार सोलून झाले तेव्हा कुठे वही पुढे आली. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी वाकडी, पण लाल. मी एक चूक केली होती, ह्यांनी चार काढल्या होत्या.

"बाकीच्या तीन कुठून आल्या?" मी विचारलं.

ह्यांनी डोळा मिचकावला. दुखण्यानंतर पहिल्यांदाच.

त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. मुद्दाम चुका करायची मला काही गरजच पडली नाही. अट मात्र माझी. दुरुस्त केलेलं वाक्य मोठ्यानं वाचल्याशिवाय पुढचं मिळणार नाही. हे वैतागायचे, डोळे वटारायचे, पण पुढच्या वाक्यासाठी घशातून काहीतरी काढायचे. मासळीवाली पाटी उतरवताना म्हणायची, "काय मास्तरीनबाय, या वयात परिक्षेला बसताव काय?" मी म्हणायची, हो, बसलेय. मला मजाच वाटायला लागली होती. मराठीत जे कधी बोलले नसते ते मी त्या मोडक्या इंग्रजीत लिहून टाकायची. पाय दुखतात ते, सुनेचा फोन येत नाही ते.

शब्द मात्र फुटेना. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "महिनाभर बघू. त्यानंतर फार आशा धरू नका."

त्याच आठवड्यात एका दुपारी मी लिहिलं, 'माय हजबंड नेव्हर अँग्री ऑन मी.' खरं नव्हतं ते. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून लिहिलं. ह्यांनी वाक्य वाचलं. पेन कितीतरी वेळ कागदावर टेकून राहिलं. एरवी अशा वाक्यावर लाल रंगाचा सडा पडायचा. त्या दिवशी ह्यांनी सगळ्या चुका तशाच ठेवल्या. फक्त 'नेव्हर' खोडलं आणि वर मोठ्या कष्टानं लिहिलं, 'ऑल्वेज'. मग मान खाली घातली. वहीवर टपकन पाणी पडलं.

मला ते बघवेना. आणि खरं सांगते, रागही आला. काहीतरीच! माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा सहा महिने स्वतःच्या हातानं तिला भरवलं ह्यांनी, आणि म्हणे नेहमी रागावणारे. मी ह्यांच्या हातातून पेन ओढून घेतलं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. 'ऑल्वेज'वर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'समटाइम्स'. स्पेलिंग देव जाणे.

"सांगा आता," मी वही ह्यांच्या डोळ्यांसमोर धरली, "चूक की बरोबर?"

ह्यांनी वाचलं. माझ्याकडे बघितलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"ब... ओ... बर."

मला स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी मी पुन्हा विचारलं.