खोळ घातलेली जीप

कुसामावशीला नाही म्हणून दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मी एकदा म्हणून बघितलं, म्हणून सांगतो. शहरात द्वारका चौकात माझं गॅरेज आहे. गिऱ्हाइकाशी भांडण्यात नियाजचा हात कुणी धरणार नाही, असं माझी बायको ताहेरा चारचौघांत सांगते. पण त्या बाईपुढे आपली डाळ शिजत नाही.

मावशी ओझरकडची, वस्तीवर राहणारी. वय साठीच्या पुढे, अंगावर नऊवारी, पायात गमबूट आणि हातात जीपचं स्टिअरिंग. जीप तिच्या नवऱ्याची, कोंडाजींची. द्राक्षबागांवर कामाला जाणाऱ्या बायकांना ते सकाळी सोडायचे आणि संध्याकाळी घरी आणायचे. ते गेले तेव्हा भाऊबंद म्हणाले, आता गाडी विकून टाक. मावशी म्हणाली, "डायवर गेला, गाडी धडधाकट हाय ना!" मग स्वतःच्या वावरात जीप फिरवून फिरवून शिकली. दोन-चार बांध मोडले, एक लिंबाचं झाड आडवं केलं, पण शिकली. रीतसर लायसन काढलं आणि त्याच बायकांना घेऊन त्याच बागांवर जायला लागली.

या उन्हाळ्यात ती ब्रेक करून घ्यायला आली होती. शेजारी दीपक नावाच्या एका हौशी गिऱ्हाइकाची मोटार बोनेट उघडून उभी होती. मावशी आत डोकावली.

"नियाज, हे लाल नरसाळं कशाचं रे?"

"कोल्ड एअर इनटेक म्हणतात त्याला. बाहेरची थंड हवा ओढतं. इंजिनाला मोकळा श्वास मिळतो."

"मग आपली जीप कोणती हवा ओढते?"

"बोनेटखालची. गरम."

झालं! मावशीने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे इतक्या बायका घेऊन भर उन्हात चढ चढायचा, आन् नाकात गरम हवा? काही माणुसकी हाय का नाय? बसव आपल्या गाडीलाबी."

मी समजावलं. म्हटलं, मावशी, त्याने काही जीपचं विमान होत नाही. वर पुढे पावसाळा आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. त्या नरसाळ्यातून इंजिनात पाणी शिरलं तर आतला रॉड वाकेल आणि जीप भंगारात जाईल. सगळं पालथ्या घड्यावर पाणी! तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला जमत नसंल तर दुसऱ्याकडं जाते."

दुसऱ्याकडं? माझ्या हातची गाडी दुसऱ्याकडं? माझं टाळकं सटकलं. दुसऱ्याच दिवशी सामान आणलं. हौशी लोक नरसाळ्याच्या तोंडचा हवेचा फिल्टर खाली बंपरमागे लावतात, थंड हवा मिळते म्हणून, आणि पहिल्याच तळ्यात गाडी बुडवून बसतात. मी फिल्टर वर, बोनेटच्या कोपऱ्यात बसवला. इंजिनाची धग लागू नये म्हणून पत्र्याचा आडोसा केला आणि समोरच्या जाळीतून हवेला वाट दिली. जीप सुरू केली तर आवाजच बदललेला. मावशी खूश होऊन म्हणाली, "बघ, कशी गुरगुरती!" जाताना मी बजावलं, "या फिल्टरला पाणी लागू द्यायचं नाही. बाकी काही लक्षात ठेवू नकोस, एवढंच ठेव."

तेवढंच ठेवलं तिने. तेच तर नडलं.

श्रावणात शहरात झिम्मा-फुगडीची मोठी स्पर्धा असते. गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये गावोगावच्या बायकांचे संघ उतरतात. मावशीच्या वस्तीचाही संघ आहे, शकुबाई त्याची म्होरकी. या शकुबाईकडूनच मला कळलं, की एके काळी फुगडीत कुसामावशीसारखी बाई पंचक्रोशीत नव्हती. पण कोंडाजी गेले आणि तिने खेळ सोडला. कुणी बंदी घातली नव्हती. नवरा नसलेल्या बाईने पंचमीला फेर धरायचा नाही, हे कुणी सांगावं लागत नाही, हवेतच असतं ते. मग दर श्रावणात मावशी सगळ्यांना जीपमधून स्पर्धेला न्यायची आणि खेळ संपेपर्यंत बाहेर जीपमध्ये बसून राहायची.

यंदा शकुबाईने परस्पर तिचं नाव दिलं. वर दम भरला, "नाय म्हणलीस तर तुझ्या गाडीत एक बाई पाय ठेवणार नाय." ऑइल बदलायला आली तेव्हा मावशीने मला हे सांगितलं. म्हणजे दहा वेळा ऑइलचंच विचारलं आणि मग हळूच म्हणाली, "मी खेळणार हाय यंदा. हसू नको." मी कशाला हसतोय! इतका आनंद झाला की ऑइल बदलायचे पैसे घ्यायचेच राहिले.

स्पर्धेच्या दिवशी सकाळपासून पाऊस नुसता कोसळत होता. दुपारी गॅरेजच्या दारात काळ्या धुराचा लोट आला आणि त्याच्या पुढे मावशीची जीप, धापा टाकत, खोकत. आत नटलेल्या बायका दाटीवाटीने बसलेल्या. शकुबाई ओरडली, "नियाजभाऊ, बघा हो लवकर! आडगावापासून बैलासारखी अडून बसतीये. आमचा नंबर जाईल!"

मावशी उतरली. तोंडावर पाणी आणि त्यात डोळ्यांतलं कोणतं ते कळत नव्हतं. "माझ्यामुळंच," ती म्हणाली. "मी खेळायचं ठरवलं आन् गाडी रुसली. देवालाच नको आसंल."

"देवाला कशाला मधे घेतेस? बाजूला हो." मी बोनेट उघडलं आणि बघतच राहिलो.

पावसात शेतावर बायका खताची रिकामी प्लास्टिकची गोणी घेतात, तिचा एक कोपरा दुसऱ्यात खोचतात आणि डोक्यावरून पाठीवर घेतात. तिला खोळ म्हणतात. मावशीने माझ्या फिल्टरला तशीच खोळ घातली होती. लेकराला बांधावं तशी, छान आवळून, वर सुतळीच्या तीन गाठी!

"या अल्ला! मावशी, हे काय केलंस?"

"तूच म्हणला ना, पाणी लागू द्यायचं नाय!"

"पाणी नको म्हटलं, हवा नको असं कुठं म्हटलं? अगं, नाक-तोंड बांधून गाडीला चढ चढायला लावलंस! नाकाला सूत लावायची वेळ आणलीस तिच्यावर!"

मग शकुबाईला हसू फुटलं आणि तिच्यामागे सगळी जीप हसायला लागली. मावशीही हसली, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मी सुतळी कापली, खोळ तिच्या हातात दिली, फिल्टर झटकून परत बसवला. चावी फिरवली आणि जीपने मोकळा श्वास घेतला. धूर बंद.

"चल, मी येतो बरोबर. पुढे रस्त्यावर पाणी साचलंय."

"मग चालव तू."

"गाडी तुझी, चालव तूच. मी नुसता ओरडणार."

पुढच्या सीटवर शकुबाईशेजारी मी कसाबसा अंग चोरून बसलो. सखल भागात पाणी चाकांच्या निम्म्यापर्यंत होतं. एक ट्रक समोरून लाटा उडवत येत होता. "थांब, त्याला जाऊ दे, नाहीतर त्याची लाट बोनेटवर येईल! आता पहिला गिअर! रेस सोडू नको! घाई नको!"

"ओरडू नको रे, कान फुटले. वढ्यातून बैलगाडी काढलीय मी. थांबायचं नाय आन् पळायचंबी नाय."

तिने जीप अशी काढली की मला दुसऱ्यांदा ओरडायला जागाच राहिली नाही. पलीकडे निघालो तेव्हा मागून बायकांनी "कुसाबाईऽऽ!" करून टाळ्या पिटल्या.

हॉलपाशी पोचलो तर भोंग्यावर त्यांच्याच संघाचं नाव पुकारत होते. बायका धडाधड उतरून आत पळाल्या. मावशी मात्र जागची हलली नाही. हात स्टिअरिंगवरच.

"उतर ना!"

"गाडीपाशी कुणीतरी पायजे, नियाज. उचलून नेतात गाड्या."

"मी बसतो."

"पाऊस हाय लय..."

"मावशी!" मी खरंच चिडलो. "गाडी मोकळी केली ना मी? आता तू बांधून घेऊ नकोस स्वतःला. उतर!"

तिने माझ्याकडे बघितलं. चावी माझ्या हातात ठेवली. मग फिल्टरवरची ती खोळ डोक्यावर घेतली, गमबूट सीटखाली टाकले आणि अनवाणी पळत आत गेली.

मी तिच्या जागेवर बसलो. तिथून हॉलची मागची भिंत दिसते, बाकी काही नाही. पण ऐकू सगळं येतं. टाळ्या, पायांचे ठेके, बायकांचं हसणं, सगळं. इतके श्रावण ही बाई इथं बसून ऐकत होती.

म्हटलं, गाडी गेली उडत! जीपला कुलूप ठोकलं आणि मी आत घुसलो.

मधोमध मावशी आणि शकुबाई फुगडी घालत होत्या. हातात हात, अंग मागे टाकलेलं, पिकले केस सुटलेले, ओचा खोचलेला, आणि वेग असा की चेहरे दिसेनात. सगळा हॉल टाळ्यांवर ठेका धरून होता. गरगरता गरगरता तिला मी दारात दिसलो.

"नियाज!" ती तशीच फिरत ओरडली. "गाडीपाशी कोण हाय?"

"कुणी नाही!" मी ओरडलो.

ती खदखदून हसली आणि तिने अजून वेग धरला.