करवंटीतली बारकी

"सरका गं जरा, जागा द्या," असं माझी शेजारीन पिंपातल्या पान्याला म्हनायची, मग तांब्या बुडवायची. सावली पडली की अळ्या वळवळत तळाला जायच्या. डासांच्या अळ्या तुमी पन बघितल्या असतील, डोकं खाली करून लटकतात त्या.

वाशीला रेल्वे नुकती आली व्हती तवाचं हे. तळवलीत आमच्या खोल्या भिंतीला भिंत. आमचे हे आन् तिचा नवरा मार्केटात गोन्या उचलायचे. दोघं साताऱ्याकडले. तिच्या एका खोलीत दीर, जावा, पोरं, गावाकडनं आलेली मानसं, किती ते तिलाच ठावं नसायचं. धाकटी पोरगी त्या दाटीतच झाली, तिथंच गेली. दोन वर्साची व्हती, दिसायची सा महिन्याची. फार रडायला कुनाला सवड नव्हती. पानी भरायचं व्हतं.

मग ती पिंपाशी उकिडवी बसायला लागली. भर दुपारी, घरात कुनी नसताना.

"आक्का, ह्या बघ. कवापास्नं हायेत तेवढ्याच. दाटीत वाढंनात."

"वाढवून काय करतीस? चावायला?"

हसली. दारातली करवंटी दाखवली. तांब्यातनं एक अळी तिच्यात पडलेली, चांगली जाड झाली व्हती. पुढं एकदा बघितलं तर पान्यावर नुसतं कातडं.

"गेली उडून," ती म्हनली. "जागा मिळाली की वाढतंय."

त्यापुढं तिच्या फळीवर करवंट्या, फुटके कप, डबड्या. प्रत्येकात एक अळी, वर भाकरीचा चुरा. त्यांच्याशी हळू कायतरी बोलायची. पोरीला थोपटताना काढायची तोच आवाज. भिंतीपलीकडनं ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. मलेरियावाला आला की टोपल्याखाली सगळं झाकायची. तो पिंपात औषध टाकून जायचा.

मग माझा धाकटा थंडी वाजून तापला. रक्तात मलेरिया निघाला. मी भांडायलाच गेले.

"तुजी पोरं माज्या पोराला खात्यात गं."

ती माझ्या घरी आली, पोराच्या कपाळावर हात ठेवला. हात ओला, गार. मग परत जाऊन एकेक करवंटी दारातल्या धुळीत उपडी केली. अळ्या तडफडल्या, थांबल्या. ती बघत राहिली. शेवटची करवंटी तेवढी हातात धरली.

"येवढी राहू दे, आक्का. ही बारकी हाय."

मी पोराकडं परत गेले.

पोरगा उठला, हिंडाय लागला. तेवढ्यात तिचं डोकं फिरलंय म्हनून नवऱ्यानं खोली सोडली, सगळे गावी गेले. तिचं पुढं काय झालं, मला कुनी सांगितलं न्हाई.

मी खोली झाडायला गेले. फळीवर ती करवंटी तशीच. आत ती अळी, हाय तेवढीच. सगळी करवंटी तिची, सगळी खोली तिची, तरी वाढली नव्हती.

मी वाकले. सावली पडली तशी ती वळवळत तळाला गेली, आन् एका कडेला सरकून थांबली, कुनाला तरी जागा दिल्यावानी.