मिसळलेल्या फाट्यांची यादी

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी शिरवळच्या एका कारखान्यात एकटा प्रोग्रॅमर होतो. सूत रंगवणाऱ्या यंत्रांचा प्रोग्रॅम आम्ही दोघं मिळून लिहायचो. दुसरा प्रोग्रॅमर त्याच कंपनीच्या, सांगलीजवळच्या माधवनगरच्या युनिटमध्ये बसायचा. तो कवठे महांकाळकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिला इंजिनियर. वर्षभरात आमची भेट दोनदाच झाली होती, पण दिवसातून कुणाशी बोलणं झालंच तर ते त्याच्याशीच, फोनवर.

नवं काम निघालं की मूळ प्रोग्रॅमची वेगळी प्रत काढायची, तिच्यात बदल करायचे, आणि काम पक्कं झालं की ते बदल मुळात मिसळायचे, अशी पद्धत. अशा प्रतीला पुस्तकात ब्रँच म्हणत, आम्ही फाटा म्हणायचो. त्याचे फाटे फ्लॉपीवरून एसटीच्या पार्सलने माझ्याकडे यायचे. मिसळायचं काम माझं. हळूहळू फाटे इतके साचले की कुठला मिसळलाय नि कुठला नाही, हे मलाच सांगता येईना.

एका शनिवारी मी साफसफाई काढली आणि त्याचा एक फाटा फ्लॉपीसकट पुसून टाकला. मिसळलेलाच आहे अशी माझी खात्री होती. सोमवारी त्याचा फोन आला.

"गड्या, तापमानाचं काम कुठं गेलं रं? यंत्रावर जुनंच चालतंय."

"तुझ्याकडे प्रत असेल ना?"

"न्हाई. हितली डिस्क गेल्या आठवड्यात बसली. तुझ्याकडं हाय म्हणून निवांत होतो." मग तोच म्हणाला, "असू दे. परत लिहितो."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी एक छोटा मदतनीस प्रोग्रॅम लिहायला घेतला. तो एकेक फाटा उघडायचा, त्यातला प्रत्येक बदल मुळात पोचलाय का ते तपासायचा, आणि पोचलेल्यांची यादी दाखवून एकेकाबद्दल विचारायचा, 'काढू का?' एक ओळ जरी राहिली असेल तरी त्या फाट्याला हात लावायचा नाही. तीन आठवडे लागले. जमला त्या दिवशी खानावळीतल्या मावशींना म्हणालो, "आज एक अवघड काम झालं."

"बरं झालं. भाकरी वाढू?"

रविवारी फ्लॉपी खिशात घालून मी सांगलीची एसटी पकडली. माधवनगरला त्याने मुद्दाम एका मिसळलेल्या फाट्यात एक ओळ बदलली आणि मदतनीस चालवला. तो फाटा यादीत आला नाही.

"लय बेस केलंस रं!" त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मग बाहेर चहा घेताना खाली बघत म्हणाला, "मी बंगळूरला चाललोय. पुढच्या महिन्यात."

मी अभिनंदन केलं. परतीच्या गाडीत कराड येईपर्यंत खिडकीला डोकं टेकून बसलो होतो.

त्याच्या जागी कुणी आलं नाही. दोन्हीकडची यंत्रं माझ्याच गळ्यात पडली. सगळे फाटे माझे, मिसळणाराही मीच.

सहा महिन्यांनी त्याचं पत्र आलं. त्याच्या ऑफिसात सगळेच तो मदतनीस वापरत होते. 'कुणी लिहिला म्हणून इचारत्यात. मी सांगतो, आमच्या गड्यानं.' खाली एक सूचना होती : कुठला फाटा कुणाचा, तेही यादीत दिसायला हवं.

पुढचे दोन रविवार मी त्यावर बसलो आणि फ्लॉपी टपालाने पाठवली. पोचल्याचं मात्र काही कळलं नाही.