भाऊसाहेबांचा तुकडा

"जरा टेकतो," असं म्हणत ते कुणाच्याही ओटीवर बसायचे आणि डोक्यावरची टोपी काढून तिनेच वारा घ्यायचे. दमलेली माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. पण आमचे ग्रामसेवक, गावाचे भाऊसाहेब, सकाळी उठायचे तेच दमलेले. मी माकुणसारच्या शाळेत मास्तर होतो आणि आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती, म्हणून खात्रीने सांगतो.

साठ सालानंतरची ती वर्षं. सरकारला भात वाढवून हवं होतं. सुधारलेलं बी आणि पोत्यातलं खत शेतकऱ्याला निम्म्या किमतीत मिळे, बाकीची सरकार भरी. अट एकच, राब भाजायचा नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर फांद्या, पाला, शेण पसरून पेटवतात आणि पुढे त्या राखेत भात पेरतात. यापायी झाडं जातात, असं वरच्यांचं म्हणणं. अट मोडली तर बी-खताची पोती परत. ग्रामसेवक साताऱ्याकडचे, इथे येईपर्यंत त्यांनी राब पाहिलासुद्धा नव्हता, आणि तो थांबवायला यांनाच धाडलेलं.

गावात कुणी दाद देईना. शेवटी एक विधवा म्हातारी कबूल झाली, तीही त्यांची दया येऊन. "येवडा लांबून आलाय, कोनीतरी हो म्हनाया नको?" असं ती मला म्हणाली. नव्या बियाण्याच्या भरवशावर घरचं जुनं बी तिने कांडून खाल्लंही.

पाहणीला जिल्ह्याचे साहेब यायचे होते. त्या सकाळी आम्ही दोघं पुढे गेलो, तर रोपांची अर्धी जागा काळीभोर. म्हातारी बांधावर बसून होती. नवरा गेल्यापासून राब तीच पेटवत आलेली. यंदा हात थांबेना, निम्म्यावर आल्यावर भाऊसाहेब आठवले, मग विझवला, असं तिने खाली बघत सांगितलं.

ते रागावले नाहीत. "जरा टेकतो," म्हणाले आणि तिच्याशेजारी बसून टोपीने वारा घेत राहिले. जीप आली. साहेबांनी राखेकडे बोट दाखवलं तेव्हा हे उठले.

"मीच भाजायला लावलंय साहेब. अर्धं जुनं, अर्धं नवं. लोकांना फरक दिसायला हवा."

हा शहाणपणा कुणाला विचारून केला, म्हणून साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं. पोती मात्र म्हातारीकडेच राहिली. पावसाच्या तोंडावर ग्रामसेवकांची बदली मोखाड्याकडे झाली. मी हळहळलो, तर वळकटी सायकलला बांधता बांधता म्हणाले, "तिचं शेत पडीक राहिलं असतं मास्तर. जाऊ द्या." त्या माणसाविषयी मला फार माया वाटली. नंतर ते कधी भेटले नाहीत.

पुढच्या वर्षी सवलत बंद झाली, खताची पोतीही यायची थांबली. गाव पुन्हा राब भाजू लागलं. म्हातारीच्या शेतावरून जाताना पाहिलं, तर राखेच्या कडेला एक तुकडा न भाजता कोराच सोडलेला. वाया का घालवतेस, म्हणून विचारलं.

"तो भाऊसायबाचा हाय," ती म्हणाली. "सायबाला बोलला ना तो, अर्दा जुना, अर्दा नवा. आता त्याला खोटा कसा पारू?"

त्या तुकड्यातलं रोप पिवळं आणि खुरटं आलं. लावणीच्या वेळी तिने तेही जपून उपटलं आणि बाकीच्या रोपांबरोबर लावलं.